थडग्यावरचे बटाटे : प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश



आपल्या शनिवारच्या मराठी वर्गाची सहल या वेळी पोट्सडामला गेली होती. जे आले होते त्यांना सां-सूसी राजवाडा आठवत असेल. द्राक्षवेलींच्या पायऱ्यापायऱ्या चढून वर गेले की राजवाड्याच्या एका बाजूला एक साधी दगडी लादी दिसते. तिच्यावर फक्त नाव कोरलेले आहे. शेजारी लहान लहान लाद्या आहेत. त्यांच्याखाली त्या माणसाची लाडकी कुत्री पुरलेली आहेत. आणि मोठ्या लादीवर फुलांबरोबर चक्क बटाटे ठेवलेले होते!

मुलांनी आम्हाला गराडाच घातला. थडग्यावर बटाटे कशाला? कोणी विसरून गेले का? हा प्रश्न सोपा होता. परतीच्या गाडीत मात्र एका मुलीने दुसराच प्रश्न विचारला. या राजाने शेजारच्या राणीचा मुलूख बळकावला, असे गाईडबाईंनी सांगितले होते. मग त्याला महान का म्हणायचे, असे तिला विचारायचे होते. गाडीतले सगळे पालक गप्प झाले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता यावे म्हणून या अंकात आम्ही या राजाचे चरित्र देत आहोत.

मारकुट्या बापाचा मुलगा

फ्रीडरिशचा जन्म २४ जानेवारी १७१२ रोजी बर्लिनच्या राजवाड्यात झाला. त्या वेळी आजच्यासारखा एकसंध जर्मनी नव्हता. शेकडो लहानमोठी राज्ये होती, आणि प्रशिया हे त्यांतले एक. त्याचे वडील, राजा पहिला फ्रीडरिश विल्हेल्म, अतिशय काटकसरी आणि तापट होते. त्यांना दोनच गोष्टी आवडत, पैसा साठवणे आणि सैन्य वाढवणे. उंच सैनिकांचे तर त्यांना वेडच होते. देशोदेशींहून ताडमाड उंच माणसे आणून त्यांनी एक खास पलटण उभी केली होती.

मुलगा मात्र अगदी वेगळा निघाला. त्याला आडवी बासरी वाजवायला आवडे, फ्रेंच पुस्तके वाचायला आवडे. वडील ती पुस्तके काढून घेत, दरबारी लोकांसमोर त्याला छडीने मारत, त्याचा अपमान करत. मोठी बहीण विल्हेल्मिना एवढीच काय ती त्याच्या बाजूची होती.

अखेर १७३० च्या ऑगस्टमध्ये, अठरा वर्षांचा असताना, फ्रीडरिशने पळून जायचे ठरवले. त्याचा मित्र हान्स हेरमान फॉन काट्टे हा लष्करातला तरुण अधिकारी होता. त्याने या बेतात मदत केली. बेत फसला आणि दोघेही पकडले गेले. लष्करी न्यायमंडळाने काट्टेला जन्मठेप दिली होती. राजाने ती बदलून मृत्युदंड केला. ६ नोव्हेंबर १७३० रोजी ओडर नदीकाठच्या क्युस्ट्रिन किल्ल्यात काट्टेचे डोके उडवण्यात आले. राजपुत्राला खिडकीशी उभे करून ते पाहायला लावले होते. काट्टे तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा होता.

मुलांनो, हा प्रसंग तुम्हाला सांगावा की नाही, यावर आम्ही बराच विचार केला. पण तो गाळला तर हा माणूस कळत नाही. त्यानंतर फ्रीडरिशने वडिलांपुढे मान तुकवली. क्युस्ट्रिनच्या कचेरीत बसून त्याने जमीन, कर, शेती यांचे हिशेब शिकून घेतले. १७३३ मध्ये वडिलांनी ठरवलेल्या एलिझाबेथ क्रिस्टीना हिच्याशी लग्नही केले. तो संसार नावापुरताच राहिला. दोघांना मूलबाळ झाले नाही.

पुढची काही वर्षे राइन्सबेर्गच्या वाड्यात त्याची सुखाची गेली. तिथे संगीत होते, पुस्तके होती, आणि फ्रेंच विचारवंत व्होल्तेर याच्याशी पत्रव्यवहार होता. राजाने न्यायाने वागावे, प्रजेचा सेवक व्हावे, कपटी राजनीती टाळावी, अशा विचारांचे एक पुस्तकही त्याने लिहिले. ते १७४० मध्ये छापून निघाले. हे साल लक्षात ठेवा.

१७४० साली

१७४० हे साल आपल्याही इतिहासात महत्त्वाचे आहे. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी इथे थोरले बाजीराव पेशवे वारले, आणि त्यांचा मुलगा नानासाहेब पेशवा झाला. त्यानंतर जेमतेम महिन्याने, ३१ मे रोजी, इकडे पोट्सडामला फ्रीडरिशचे वडील वारले आणि तो अठ्ठाविसाव्या वर्षी राजा झाला. पुणे आणि पोट्सडाम यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी दोन्हीकडे त्याच सुमारास नवा तरुण कारभारी आला, आणि दोन्हीकडे हाताशी तयार फौज होती.

नव्या राजाने पहिल्याच दिवसांत सुंदर कामे केली. त्या साली धान्याची टंचाई होती, तेव्हा सरकारी कोठारे उघडून लोकांना स्वस्तात धान्य दिले. आरोपीने कबुली द्यावी म्हणून त्याचे हालहाल करण्याची पद्धत तेव्हा युरोपभर होती. फ्रीडरिशने राज्यावर आल्यावर काही दिवसांतच ती बहुतेक गुन्ह्यांसाठी बंद केली, आणि पुढे १७५४-५५ मध्ये पूर्णपणे. माझ्या राज्यात ज्याने त्याने आपापल्या धर्माने जावे, असेही त्याने कळवले. बर्लिनमधले सेंट हेडविगचे मोठे चर्च पाहिले आहे ना? प्रोटेस्टंट राजाच्या राजधानीत, त्याच्याच परवानगीने, कॅथलिक लोकांसाठी ते बांधले गेले.

व्होल्तेर आणि त्याचे मित्र आनंदले. पुस्तकातला शहाणा राजा खराच सिंहासनावर आला, असे त्यांना वाटले.

पण २० ऑक्टोबर १७४० रोजी व्हिएन्नाला सम्राट सहावा कार्ल वारला. त्याला मुलगा नव्हता. तेवीस वर्षांची मुलगी मारिया तेरेसिया त्याची वारस होती. सम्राटाने हयातीतच सर्व राजांकडून तिचा हक्क मान्य करून घेतला होता. फ्रीडरिशच्या वडिलांनीही तो मान्य केला होता. तिच्याजवळ पैसा कमी होता आणि सैन्य थकलेले होते. फ्रीडरिशकडे वडिलांनी साठवलेला भरलेला खजिना होता, आणि ऐंशी हजारांची खडी फौज.

१६ डिसेंबर १७४० रोजी त्याचे सैन्य सिलेशियात घुसले. सिलेशिया, म्हणजे जर्मन भाषेत श्लेझियन, हा ओडर नदीच्या दोन्ही काठांचा सुपीक प्रांत. लोकसंख्या सुमारे दहा लाख. तागाचे कापड विणणारे कुशल विणकर तिथे होते, खाणी होत्या. जुन्या करारांचा आधार घेऊन फ्रीडरिशने त्यावर हक्क सांगितला खरा, पण तो हक्क कच्चा होता. पुढे त्याने स्वतःच आपल्या इतिहासात लिहून ठेवले आहे की तरुण वय, तयार सैन्य आणि नाव कमावण्याची हाव यांनी त्याला पुढे ढकलले. राजाने कपट करू नये असे पुस्तक ज्या साली निघाले, त्याच साली त्याच्या लेखकाने हे केले!

पहिली मोठी लढाई मोलवित्स इथे १० एप्रिल १७४१ रोजी झाली. लढाई हातची जाते असे दिसताच सेनापती श्वेरीनने राजाला निघून जायला सांगितले, आणि राजा घोडा फेकत निघून गेला. मागे श्वेरीनने ती लढाई जिंकली! या फजितीतून फ्रीडरिश खूप शिकला. १७४२ मध्ये तह होऊन सिलेशियाचा बहुतेक भाग त्याला मिळाला. १७४४ मध्ये पुन्हा युद्ध पेटले आणि १७४५ च्या नाताळात ड्रेस्डेनला दुसरा तह झाला. सिलेशिया प्रशियाकडेच राहिला. लोक त्याला महान म्हणू लागले ते याच सुमारास.

सात वर्षे

मारिया तेरेसिया गप्प बसणारी नव्हती. तिने फ्रान्स आणि रशिया यांच्याशी हातमिळवणी केली. फ्रीडरिशला ते कळले. त्याने शत्रूची वाट पाहिली नाही. २९ ऑगस्ट १७५६ रोजी युद्ध न पुकारताच तो शेजारच्या सॅक्सनी राज्यात घुसला. इथून सात वर्षांचे युद्ध सुरू झाले. ऑस्ट्रिया, फ्रान्स, रशिया, स्वीडन हे सगळे एका बाजूला, आणि प्रशिया दुसऱ्या बाजूला. मदतीला मुख्यतः इंग्लंडचा पैसा. इंग्रज आणि फ्रेंच यांचे हेच वैर तेव्हा हिंदुस्थानातही चालू होते. १७५७ च्या जूनमध्ये बंगालात प्लासीची लढाई झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रीडरिशने रोसबाखला फ्रेंचांचा आणि महिन्याभरात, ५ डिसेंबरला, लॉयटनला ऑस्ट्रियाचा पराभव केला. लॉयटनला शत्रूचे सैन्य त्याच्या जवळजवळ दुप्पट होते.

पण १२ ऑगस्ट १७५९ रोजी फ्रांकफुर्ट-ओडरजवळ कुनर्सडोर्फ इथे दैव फिरले. सुमारे पन्नास हजारांच्या सैन्याची दाणादाण उडाली. त्या संध्याकाळी राजाजवळ तीन हजार माणसेही धड उरली नव्हती. आता सगळे संपले, असे त्याने मंत्र्याला कळवले. १७६० च्या ऑक्टोबरमध्ये तर रशियन आणि ऑस्ट्रियन फौजा खुद्द बर्लिनमध्ये शिरल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, तिकडे पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली.

फ्रीडरिशला वाचवले ते नशिबाने. १७६२ च्या जानेवारीत रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ वारली. तिच्यामागून आलेला तिसरा पीटर हा फ्रीडरिशचा भक्तच होता. त्याने लगेच तह केला. १५ फेब्रुवारी १७६३ रोजी हुबर्टुसबुर्ग इथे शेवटचा तह झाला. सात वर्षांनी हद्दी कुठे आल्या? जिथे होत्या तिथेच! सिलेशिया प्रशियाकडे राहिला एवढेच. त्यासाठी प्रशियाचे सुमारे १ लाख ८० हजार सैनिक गेले, असा खुद्द फ्रीडरिशचाच अंदाज होता. जाळपोळीत, उपासमारीत आणि रोगराईत मेलेली गावोगावची माणसे वेगळीच.

तलवार म्यान केल्यावर

राजा युद्धावरून परतला तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता, पण पाठीत वाकलेला, दात पडलेला म्हातारा दिसे. तेव्हापासून लोक त्याला म्हातारा फ्रिट्स म्हणू लागले. जुना निळा कोट, त्यावर तपकिरीचे डाग, पायाशी कुत्री, असा तो राहायचा. पहाटे उठून कामाला बसायचा आणि अर्ज स्वतः वाचायचा.

लष्कराचे हजारो घोडे त्याने शेतकऱ्यांना नांगरायला देऊन टाकले. कोठारांतले बी-बियाणे वाटले. १७६३ मध्येच शाळांचा कायदा केला. पाच वर्षांपासून तेरा-चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे, असे त्यात होते. (चेहरे पाडू नका, मुलांनो! तेव्हा शिक्षकच पुरेसे नव्हते.) त्याआधी, दोन युद्धांच्या मधल्या शांततेत, १७४७ ते १७५३ या काळात, ओडर नदीकाठची मोठी दलदल त्याने बांध घालून, कालवे खणून कोरडी केली. तिथे बाहेरून आलेल्या कुटुंबांना जमिनी दिल्या. नॉयट्रेबिन, नॉयलेविन अशी नॉय लागलेली नावे त्या भागात आजही आहेत. नॉय म्हणजे नवे, हे तुम्हाला आम्ही कशाला सांगायला हवे!

आणि बटाटे? बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. प्रशियातले शेतकरी त्याला हात लावत नसत. दुष्काळात हे पीक लोकांना तारील हे राजाने ओळखले. २४ मार्च १७५६ रोजी त्याने सिलेशियातल्या अधिकाऱ्यांना हुकूम पाठवला की लोकांना बटाट्याची लागवड समजावून सांगा आणि ती करायला लावा. राजाने बटाट्याच्या शेतावर मुद्दाम शिपायांचा पहारा बसवला, मग लोकांना वाटले की हे काहीतरी मौल्यवान आहे, आणि त्यांनी रात्री चोरून नेऊन लावले, अशी गोष्ट सांगतात. ती दंतकथा आहे, पण हुकूम खरा आहे. आपल्याकडे बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला. आपला बटाटा हा शब्दही त्यांचाच. तो नसता तर आजीच्या उपवासाचे कसे झाले असते?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परदेशी कसबी लोकांना फ्रीडरिशने बोलावून वसवले, पण ज्यू लोकांना बरोबरीने वागवले नाही. १७५० च्या नियमांनी त्यांच्या राहण्यावर आणि लग्नावरही बंधने घातली. १७६९ पासून तर काही परवान्यांसाठी त्यांना राजाच्या कारखान्यातली महागडी चिनी मातीची भांडी विकत घ्यावी लागत. बर्लिनचा मोठा ज्यू विचारवंत मोझेस मेंडेल्सझोन याची विद्वानांनी अकादमीत निवड केली, तर राजाने तिला मान्यता दिली नाही. शेतकऱ्यांची जमीनदारांकडची वेठबिगारीही त्याने मोडली नाही. परक्या देशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरू नये. कामापुरते हवेसे असणे आणि बरोबरीचे असणे यांत फरक आहे.

आणखी एक गंमत आपल्या वर्गासाठी. हा जर्मनांचा राजा बोलायचा आणि लिहायचा फ्रेंचमध्ये. जर्मन त्याला धड लिहिता येत नसे. जर्मन साहित्य अजून कच्चे आहे अशी टीका करणारा निबंध त्याने १७८० मध्ये लिहिला, तोही फ्रेंचमध्येच. तेव्हा लेसिंग आणि गोएटं यांची पुस्तके लोक आवडीने वाचत होते! घरची भाषा दुर्लक्षित केली की शेजारी काय उगवले आहे ते राजालाही दिसत नाही.

१७७२ मध्ये प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी मिळून दुबळ्या पोलंडचे तुकडे वाटून घेतले. या वेळी फारशी लढाईही झाली नाही. फ्रीडरिशला मधला पट्टा मिळून त्याचे राज्य सलग झाले. १७४० मध्ये सुमारे बावीस लाखांचे असलेले राज्य त्याच्या अखेरीस पन्नास लाखांच्या वर गेले होते. १७ ऑगस्ट १७८६ रोजी, सां-सूसीतल्या आरामखुर्चीत, चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो वारला.

महान कोण?

मला माझ्या कुत्र्यांशेजारी गच्चीवर पुरा, थाटमाट नको, असे त्याने लिहून ठेवले होते. पुतण्याने ते ऐकले नाही. ज्या बापापासून तो पळून जात होता, त्याच्याच शेजारी, पोट्सडामच्या लष्करी चर्चमध्ये त्याला ठेवले. पुढे त्याच्या नावाचा वापर इतरांनी केला. १९३३ मध्ये हिटलरने त्याच चर्चमध्ये मोठा समारंभ करून आपण फ्रीडरिशचे वारस आहोत असा देखावा मांडला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शवपेटी खाणीत लपवावी लागली. मग ती मारबुर्गला आणि तिथून होहेनत्सोलर्न किल्ल्यावर गेली. १७ ऑगस्ट १९९१ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर २०५ वर्षांनी, राजाला त्याने मागितलेली जागा मिळाली.

आणि ज्याच्यासाठी लाखो माणसे मेली तो सिलेशिया? १९४५ नंतर तो जवळजवळ सगळा पोलंडमध्ये गेला. ब्रेस्लाउचे नाव आता व्रोत्स्वाफ आहे. क्युस्ट्रिन आणि कुनर्सडोर्फही पोलंडमध्ये आहेत. तिथल्या लाखो जर्मनांना घरदार सोडून यावे लागले. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मित्राची पणजी त्यांतली असेल. ओडरकाठची सुकवलेली जमीन मात्र अजून पिकते, आणि बटाटा तर रोज ताटात आहे.

सहलीनंतर आम्हा पालकांत थोडी वादावादी झाली, तीही सांगून टाकतो. १७४२ मध्ये, फ्रीडरिश सिलेशिया पचवत होता तेव्हा, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर फौज घेऊन बंगालात शिरले. गावे लुटली गेली, जाळली गेली, विणकर घरे सोडून पळाले. कलकत्त्याच्या लोकांनी भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला मराठ्यांचे नाव पडले. हे हल्ले जवळजवळ दहा वर्षे चालले. १७५१ मध्ये ओडिशा आणि दरसाल बारा लाख रुपये चौथाई घेऊन तह झाला. आपला बारगीर हा शब्द बंगालीत बर्गी झाला, आणि त्याच्या नावाने तिथल्या आया मुलांना झोपवू लागल्या.

हे मुलांना सांगावे का? काहींचे म्हणणे पडले की इथे मुलांना आपला इतिहास आधीच इतका थोडा मिळतो, त्यात अभिमानाचेच सांगावे. त्यांची काळजी आम्हाला समजते. पण फ्रीडरिशबद्दल गाडीत जो प्रश्न विचारला गेला, तो आपल्या माणसांबद्दलही विचारता आला पाहिजे, असे आम्हाला वाटते. नाहीतर तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आम्ही कोणत्या तोंडाने उत्तर देणार?

तर बाळे, तुझ्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. लोक त्याला महान म्हणाले ते त्याने जिंकले म्हणून. आम्ही त्याच्या शौर्याला आणि कष्टांना नमस्कार करतो, पण सिलेशियाची चोरी ही चोरीच होती, आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक होते. त्याच्या थडग्यावर लोक आज तलवार ठेवत नाहीत, बटाटा ठेवतात, ते आम्हाला योग्य वाटते.

मुलांनो, आता तुमचे काम. वहीत दोन रकाने करा. एकात फ्रीडरिशने लोकांना काय दिले ते लिहा, दुसऱ्यात लोकांकडून काय घेतले ते. मग तुम्हाला आवडणाऱ्या एखाद्या मराठी सरदाराचे तसेच दोन रकाने करा. आई-बाबांची मदत घ्यायला हरकत नाही. पुढच्या शनिवारी वर्गात वाचून दाखवायचे आहे, आणि हो, मराठीत!